नळीवरची पांढरी अक्षरं

४ फेब्रुवारी

आज चोर ठरता ठरता वाचलो.

भाजीबाजाराच्या कठड्याला एक जुनी सायकल टेकवून ठेवली होती. काळी, पण जिवापाड जपलेली. मी तिच्यापुढे उकिडवा बसून तिरक्या नळीवरचं नाव बघत होतो, तेवढ्यात मालक मागून आला. "ओ आजोबा, कुलूप आहे बरं का तिला!"

मी म्हटलं, "कुलूप कोण बघतंय? मी 'क' बघतोय."

तो दोन पावलं मागं सरला. चोराला माणूस धरतो, वेड्याला मात्र वाट करून देतो.

पण तो 'क' होताच तसा. ब्रशनं काढलेला. पोट भरलेलं, आणि शेपूट नळीच्या गोलाईबरोबर अलगद खाली उतरलेलं, जशी एखादी म्हातारी कठडा न सोडता जिना उतरते. हे छापील चिकटपट्टीचं काम नव्हे. मग मी पलीकडच्या बाजूला गेलो आणि थक्क झालो. उजवीकडे, म्हणजे चेनच्या बाजूला, अक्षरं पुढच्या चाकाकडे झुकलेली. तीच अक्षरं तशीच्या तशी डावीकडे काढली असती, तर ती मागं झुकली असती, कारण त्या बाजूनं पुढचं चाक आपल्या डाव्या हाताला येतं. सायकल पुढं आणि नाव मागं, अडून बसलेल्या गाढवासारखं. त्या रंगाऱ्यानं डावीकडचा झोक मुद्दाम उलटा धरलाय! आता कुठूनही बघा, नाव पुढंच धावतंय. मी मालकाला हे दाखवलं. वीस वर्षं सायकल वापरणारा तो माणूस तीनदा या बाजूनं त्या बाजूला गेला आणि म्हणाला, "च्यायला!" याहून मोठी दाद मला सुचत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "एक दिवस मार खाल, आणि मग पट्ट्या बांधायला मीच."

सायकलीच्या सांगाड्यावरची अक्षरं बघणं हा माझा जुना नाद. टपालखात्यात छाननीच्या टेबलावर आयुष्य गेलं. दुसऱ्यांची अक्षरं वाचत वाचत डोळ्याला चटक लागली. शाळा कसली, हीच माझी शाळा.

७ फेब्रुवारी

सूनबाईनं आज मोठी बातमी आणली. मागल्या अंगणातल्या शेडमध्ये ती सायकलींचे सांगाडे बांधते. नळ्या कापायच्या, जुळवायच्या, सांध्यात पितळ वितळवून बसवायचं, सगळं एकटीनं. मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून हा उद्योग मांडला. मुलगा बोटीवर, तो सहा महिन्यांनी उगवतो. त्याचं म्हणणं, "तुला जमेल ते कर." आमचं म्हणणं, आम्हाला कोण विचारतंय.

दवाखान्याच्या ज्या सिस्टर घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची मलमपट्टी करतात, त्यांना सायकली हव्यात. डझनभर. चढायला सोप्या, मागं पेटी बसेल अशा. आधी एक नमुना द्यायचा. तो मोठ्या सिस्टरना पसंत पडला तर सगळं काम सूनबाईला. नाही पडला तर?

"नाही पडला तर उन्हाळ्यात शेडला कुलूप, आणि मी परत कारखान्याच्या पाळीत," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण हातमोजा उगीचच काढत-घालत होती.

मग म्हणते, "बाबा, नळीवरचं नाव तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "अगं, मी बघणारा माणूस. लिहिणारा नव्हे."

"मग बघून बघून काय पोट भरलं नाही होय अजून?"

ही स्वयंपाकघरातून ओरडली, "उंटावरून शेळ्या हाकल्यात जन्मभर. उतरा आता खाली!"

सासू-सुनेचं एकमत झालं की घरातल्या पुरुषानं होय म्हणावं. म्हटलं, होय.

मला वाटतं, चिकटपट्ट्या करून मिळतात हे पोरीला ठाऊक नसावं. मीही सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी

नाव ठरलं: झुळूक. सिस्टर दारात येते तेव्हा तसंच वाटलं पाहिजे, असं सूनबाईचं म्हणणं. नाव गोड आहे, पण लिहिणाऱ्याच्या जिवावर उठलेलं. दोन उकार! नळी गोल. समोरून तिचा मधला पट्टा तेवढा दिसतो. वरचं वर वळतं, खालचं खाली पळतं. दोन्ही उकार नळीच्या पोटाखाली जाऊन चिखल खात बसणार.

११ फेब्रुवारी

नळीचा एक तुकडा मागून घेतलाय. उशाशी ठेवतो. हिचं म्हणणं, लोक उशाशी पाणी ठेवतात.

कागदावर काढलेली अक्षरं नळीवर गुंडाळली की बसकी दिसतात, जेवून पेंगणाऱ्या माणसांसारखी. उंची वाढवावी लागते. कागदावर ती बगळ्यासारखी दिसली पाहिजेत, तेव्हा कुठं नळीवर माणसासारखी दिसतील. आणि उकारांचं कोडंही सुटलं! शिरोरेषाच वर सरकवायची, अगदी नळीच्या माथ्यापर्यंत. मग अक्षराचं अंग आणि उकार असं सगळं दर्शनी पट्ट्यात येतं. शिवाय सीटवर बसलेल्या सिस्टरनं खाली पाहिलं तर तिला नुसती शिरोरेषा दिसेल, नळीवरून पुढं धावणारी एक सरळ रेघ. हे मला आपोआप सुचलं. एवढा आनंद झाला की हिला हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं, आणि माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, "चहा सांडलाय तुमचा. कपाबाहेर ओतलाय."

धांदलीत होतं असं.

१५ फेब्रुवारी

सरावच सराव. हात बरा चालतो. कोपर टेकायला काठी केलीय. पण ब्रशच्या कडा हल्ली पूर्वीसारख्या येत नाहीत. रेघ मारली की तिच्याभोवती धूर धरल्यासारखा दिसतो. केस आखूड आहेत, म्हणून दुसरा ब्रश आणला. त्याचीही तीच गत. सगळीकडे माल पातळ झालाय. वर्तमानपत्रवाल्यांनीही शाईत पाणी घातलंय, बारीक मजकूर तर वाचवतच नाही.

सूनबाई येऊन सरावाच्या नळ्या बघून गेली. म्हणाली, "बाबा, कडा तर कशा कापून काढल्यासारख्या आल्यात."

पोर मनानं चांगली. पण खुशामत मला कळते.

१८ फेब्रुवारी

सांगाडा रंगून आला. काळपट तांबडा, पिकलेल्या जांभळाच्या आतल्या बाजूसारखा. मोठ्या सिस्टरनी सांगून ठेवलंय, अक्षरं पांढरी हवीत, गणवेशाला शोभतील अशी.

तर पांढऱ्या रंगाचा डबा आणला. उघडला तर पिवळा! दुकानात परत नेला. रंगवाला म्हणतो, "काका, याहून पांढरा रंग जगात नाही." मी म्हटलं, "हा पांढरा असेल तर मी गोरा." त्यानं दुसरा डबा फोडला. तोही तसाच, जुन्या हस्तिदंतासारखा. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात. या माणसाला पिवळंच पांढरं दिसतं! त्याच्या डोळ्यांची काळजी वाटली. तसं सांगितलंही त्याला.

१९ फेब्रुवारी

आज युक्ती सापडली, तीही भांडणातून. माझे सदरे पिवळट निघतात हल्ली. हिला म्हटलं, नीट खळबळत जा. ही फणकारली, "आणखी किती नीळ घालू? लोक विचारतात, यजमान निळे सदरे कुठून शिवतात?"

नीळ! पांढरं पांढरं दिसण्यासाठी कपड्याला नीळ लागते, तर रंगाला का नको? निळ्या रंगाची छोटी डबी आणली. पांढऱ्यात एक थेंब टाकला. फरक नाही. आणखी टाकला. थोडा उजळला. टाकत गेलो, ढवळत गेलो, आणि हळूहळू पिवळेपणा पार निघून गेला. असा शुभ्र झाला की काय सांगू! दह्याची कवडीच. थोडा फार गार वाटला, तेव्हा पिवळ्याचं बोट लावून ऊब आणली. रंगवाल्याला नेऊन दाखवावासा वाटतो, पण जाऊ दे, गरीब माणसाला लाजवू नये.

२२ फेब्रुवारी

लिहिलं.

सकाळी उन्हं शेडमध्ये आली तेव्हा बसलो, जेवणवेळेला उठलो. उजवीकडचं नाव आधी. 'झु'ला हात कापला. 'ळू'च्या दोन वेटोळ्यांना श्वास धरून ठेवला. 'क' आला तेव्हा ब्रश आपला आपण चालत होता, मी मागून. भाजीबाजारातल्या त्या रंगाऱ्याला मनोमन नमस्कार केला आणि डाव्या बाजूला झोक उलटा धरला. जन्मभर दुसऱ्यांच्या ताटाचा वास घेत बसलेला माणूस आज जेवला.

सूनबाई आली. सायकल उन्हात नेली. तिच्याभोवती फिरली. मग म्हणाली, "बाबा, हे... पांढरं ना?"

"मग काय काळं?"

तिनं सासूला हाक मारली. ही पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आत जाऊन कुजबुज. भिंत पातळ आहे, हिचं एवढंच ऐकू आलं, "...राहू दे गं. आज नको." मग सूनबाईचं, "पण त्यांनी पांढरं सांगितलंय आई, सगळं त्यावर आहे," आणि पुढचं काही कळलं नाही.

डाव्या बाजूचा झोक आवडला नसणार. जुनं काम पाहिलेलं नाही, त्यांना उलटं वाटणारच. पण सगळं त्यावर आहे, हे बोलणं मनाला लागलं. माझ्या हौसेपायी पोरीचं काम जायचं. हौस करायला माझं काय जातं? पाळी तिला धरावी लागेल.

२३ फेब्रुवारी

सकाळी शेडमध्ये गेलो तर सूनबाईच्या हातात पॉलिश पेपर. सायकलीपुढं पाटावर बसलेली. मी म्हटलं, "खरवडायचं असेल तर खरवड बाई. मी रागावणार नाही. सरळ झोकानं पुन्हा लिहीन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरल्यासारखे वाटले, पण मला हल्ली सगळ्यांचेच तसे वाटतात.

"झोकाला काही झालं नाही," ती म्हणाली आणि कागद खिशात घातला. "बाबा, नाव इतकं जिवंत आलंय की माझा हात होईना. जाऊ दे असंच. बघू काय म्हणतात."

दुपारी अक्षरांवर लॅकरचा पारदर्शक हात मारला. आता मागं फिरणं नाही.

२६ फेब्रुवारी

पसंत!

मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. उंच, करड्या आवाजाच्या. आधी ब्रेक दाबले, पेटी ठेवून पाहिली, पदर खोचून अंगणात एक फेरी मारली. सूनबाईच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मग त्या उतरल्या आणि नावापुढं थांबल्या.

"मी पांढरं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

मी पुढं झालो. म्हटलं, "सिस्टर, दुकानातला पांढरा पिवळा होता. हा मी घरी केलाय. खास."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांत अगदी वाकून पाहिलं. मग सूनबाईकडे. सूनबाई म्हणाली, "आमच्या बाबांनी लिहिलंय, सिस्टर. रंगाचं सगळं मी बोलते तुमच्याशी. आधी तुम्ही लांबून बघा एकदा, रस्त्यावरून."

त्या फाटकाबाहेर गेल्या, रस्ता ओलांडला. तिथून बराच वेळ बघत राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "असा रंग मी कुठल्याच सायकलीवर पाहिला नाही. सायकलतळावर शंभर सायकलींत सापडेल. हाच हवा. सगळ्यांना हाच."

शुभ्रपणाची याहून मोठी पावती कुठली? मी सूनबाईला डोळ्यानं खुणावलं, बघितलंस? ती हसतही होती आणि नाकही पुसत होती.

जाताना सिस्टर हिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. बायकांचं आपसातलं.

२८ फेब्रुवारी

ही म्हणते, तिच्या डोळ्यांना पाणी येतं, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे सोबत चला. चाळीस वर्षांत ही कधी आपणहून डॉक्टरकडे गेली नाही. काळजी वाटते.

१ मार्च

फसवलं! हिचे डोळे ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी तिला दोन मिनिटांत उठवलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बसा आजोबा." मी म्हटलं, "मी सोबतीला आलोय." ही म्हणाली, "सोबतीलाच बसा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगले पिकलेले. "इतके दिवस कसं चालवलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "चाललं तसं." दिव्याभोवती सायकलच्या चाकासारख्या तारा दिसतात का? दिसतात, मला वाटायचं दिवे नवे आलेत. कडा धुरकट? हो. ब्रशचा दोष नव्हता म्हणजे.

घरी येताना हिनं प्रत्येक पायरीला माझं कोपर धरलं.

खरं लिहितो. भीती वाटते. मरणाची नव्हे. या वयात मरण म्हणजे शेजारच्या गावी जाणं. पण डोळ्यावर सुरी आणि हात चुकला तर? मग 'क' कसा बघायचा? बोटांनी चाचपून कळतं काही, पण झोक कळत नाही. सायकलींचं सगळं काम अजून बाकी. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, सायकली पुऱ्या झाल्यावर बघू. त्या म्हणाल्या, एक डोळा आधी, दुसरा नंतर, सवडीनं.

२० मार्च

सगळ्या सायकलींवर नाव चढलं. त्याच डब्यातून, डबा कोरडा होईस्तोवर. दर सायकलीला हात थोडा सुधारला. शेवटचीचा 'ळ' तर असा साधला की मी त्याला मिशा पिळून दाखवल्या.

सूनबाईनं डब्याच्या तळाला राहिलेला थर खरवडून कसल्याशा बाटलीत भरून ठेवला. काटकसरी आहे.

२ एप्रिल

उद्या उजवा डोळा.

मुलाचा बोटीवरून फोन आला. "बाबा, घाबरू नका." मी म्हटलं, "मी कशाला घाबरतो? तुझी आई घाबरलीय." ही पलीकडून म्हणाली, "खरंय, त्यांना सांभाळायला कोणीतरी घाबरायला हवं ना."

४ एप्रिल

पट्टी काढली.

काय लिहू? आधी भिंत दिसली. भिंत पांढरी! पांढरी म्हणजे काय असते हे मी विसरलो होतो. हिच्या केसांतही पांढरं आलंय, इतकं कधी आलं? आणि डाव्या गालावर सुरकुतीचा एक अर्धचंद्र, अगदी 'ळ'च्या वळणाचा. म्हटलं, "छान दिसतेस." ती म्हणाली, "गुंगीचा अंमल उतरला नाही वाटतं अजून."

६ एप्रिल

आज फाटकात उभा होतो. एक सिस्टर सायकलवरून गेली. तांबडी सायकल, मागं पेटी. माझी अक्षरं.

निळी होती.

आधी वाटलं, नवा डोळा चुकतोय. उजवा झाकला, डाव्यानं पाहिलं: पांढरी. डावा झाकला, उजव्यानं पाहिलं: निळी. चक्क निळी, पहाटे फटफटतं तेव्हा आभाळाचं जे अंग दिसतं तशी. वळणावर जाईस्तोवर मी आळीपाळीनं डोळे झाकत उभा होतो. शेजारच्या पोरीला वाटलं, आजोबा डोळे मारतायत.

शेडमध्ये गेलो. सूनबाई जाळाचा चष्मा लावून सांधा भरत होती. म्हटलं, "ते निळं आहे."

तिनं जाळ बंद केला. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, बाबा."

"आणि तू बोलली नाहीस? सिस्टर बोलल्या नाहीत, ही बोलली नाही! मी अंगणात उभा राहून 'खास पांढरा' म्हणून मिरवतोय, आणि तुम्ही सगळ्या मिळून..." मी बोट रोखलं. "म्हाताऱ्यावर दया केलीत."

"दया?" ती उठलीच. चष्मा कपाळावर सरकवला. "दया करायची असती तर गपचूप खरवडून पांढरा मारला असता आणि म्हटलं असतं, वा बाबा, काय छान! पॉलिश पेपर घेऊन बसलेच होते की मी. सगळं त्यावर होतं माझं. शेड त्यावर होती. आईंनी सांगितलं, आज नको, डोळे दाखवायचं मी जमवते. पण मी थांबले ते त्यासाठी नाही. त्या तांबड्यावर तो निळा असा बसला होता की मला खरवडवेना. सिस्टरना मी त्याच दिवशी, पोचवायला गेले तेव्हा, फाटकाबाहेर सगळं खरं सांगितलं. पांढरा हवा तर बदलून देते म्हटलं. त्याच नको म्हणाल्या."

राग होता, पण तो उभा राहायला जागा शोधत होता.

"आणि एक सांगू?" ती म्हणाली. "रंगवाल्याकडे मी तो खरवडलेला रंग नेला होता. तीनदा करून दिला त्यानं. तिन्ही वेळा दवाखान्याच्या भिंतीसारखा. त्याच्याच्यानं होत नाही."

७ एप्रिल

रात्रभर राग धरायचा ठरवलं होतं, पण झोप लागली.

सकाळी शेडमध्येच राहिलेली नमुन्याची सायकल उन्हात काढून नव्या डोळ्यानं बघत बसलो. 'झु'चा कंप दिसतो. शिरोरेषा एका जागी केसभर जाड. डावीकडच्या 'क'चं पोट उजवीकडच्यापेक्षा सुटलेलं. हे सगळं जुन्या डोळ्याला दिसलं नव्हतं, म्हणूनच बहुधा लिहायची हिंमत झाली. पण दोष बघता बघता मी दोष विसरलो. दुसऱ्या कोणाच्या सायकलीपुढं बसावं तसा बसून राहिलो. जन्मभर लोकांच्या अक्षरांना म्हणत आलो, ते आज आपसूक तोंडातून निघालं: "च्यायला!"

१५ एप्रिल

पलीकडच्या गावच्या दवाखान्यानं सायकली पाहिल्या. त्यांनाही हव्यात, तशाच. "तशाच," हे पत्रात दोनदा.

रंग संपलाय. नवा डोळा निळा दाखवतो खरा, पण करायला बसलो की नेमकं कुठं थांबायचं ते सांगत नाही. चार डब्या बिघडवल्या. सगळे निळे, सगळे मेलेले. सूनबाई खरवडलेला नमुना शेजारी धरून मान हलवते. तिच्या शेडमध्ये नळ्या कापून तयार, आणि काम माझ्यापाशी अडलंय.

मग कळलं. तो निळा मी निळा म्हणून केलाच नव्हता. मी पांढरा करत होतो. थांबलो ते पांढरा झाला तेव्हा. तो ठरवणारा डोळा डावा आहे. आणि डाव्याची तारीख अठराची.

१६ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढं ढकला.

"का? त्रास होतोय?"

"नाही. त्याच्याकडे काम आहे."

सगळं सांगितलं. त्या खुर्चीत मागं रेलून इतक्या हसल्या की बाहेरून कंपाउंडर डोकावला. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आणि तुम्ही म्हणता एक परत घ्या?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तो फार पिकलाय आजोबा, आणखी ठेवण्यात शहाणपण नाही. उद्याचा दिवस आहे ना तुमच्याकडे? करून घ्या काय करायचं ते."

१७ एप्रिल

मोठा डबा आणला. उन्हं शेडमध्ये आली तेव्हा बसलो, पहिल्या वेळेसारखाच.

अडचण अशी की एका हातात ढवळायची काडी, दुसऱ्यात निळ्याची डबी, मग नवा डोळा झाकायचा कोणी? पट्टी बांधून पाहिली, ती टोचते, आणि डॉक्टरीणबाईंनी दाबू नका म्हणून सांगितलंय. शेवटी ही मागं येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या उजव्या डोळ्यापुढं तळहात धरला. न टेकवता, नुसता आडोसा. हाताला हळदीचा वास. म्हणाली, "लवकर उरका. माझं दूध उतू जाईल."

डब्यात पिवळट हस्तिदंत. निळा सोडला. ढवळला. पुन्हा सोडला. सूनबाई शेजारी बाटलीतला नमुना धरून बसलेली, पण मी तिला म्हटलं, तू बोलू नकोस, मला बघू दे. पिवळेपणा निघत चालला, धुणं उजळत जातं तसा. मग फार गार झाला. पिवळ्याचं बोट लावलं. ढवळला.

"झालं," मी म्हटलं, आणि त्याच क्षणी सूनबाईही म्हणाली, "बाबा, थांबा!"

"कसा झालाय?" हिनं मागून विचारलं.

"पांढराशुभ्र."

माझ्यापुरतं ते अगदी खरं होतं. उद्यापासून असं पांढरं मला पुन्हा दिसायचं नाही. म्हणून जरा वेळ बघत राहिलो. ही हात अवघडला म्हणून कुरकुरली नाही, दुधाचंही काही बोलली नाही.

मग तिनं हात काढला. डब्यात पहाटेचं आभाळ होतं, काठोकाठ.

सूनबाईनं झाकण ठोकून बसवलं.